तांब्याची तुटकी वलये

काच पारदर्शक असते, तांबे प्रकाश परतवून लावते, पाण्यात शिरणारा किरण वाकतो, आणि हे सारे त्या त्या द्रव्याच्या अणुरेणूंच्या प्रकृतीमुळे घडते, ही गोष्ट शाळेच्या पहिल्या विज्ञानपुस्तकापासून आपल्या मनावर इतकी दृढ बिंबलेली असते की द्रव्याचा गुण त्याच्या अणूंइतकाच त्याच्या मांडणीवरही अवलंबून असू शकेल, असे कोणी म्हटले तर ते प्रथमदर्शनी अतिशयोक्तीचे वाटते. ज्या विद्येच्या सेवेत माझी उमेदीची वर्षे गेली त्या मेटामटेरियलच्या विद्येचा मूळ सिद्धान्त मात्र हाच आहे. तांब्याचा पातळ थर आणि फायबरग्लासचा फलक यांहून अपूर्व असे काहीही न घेता, त्या तांब्यात बारीक आकृती कोरून त्या नेमक्या अंतराने व नेमक्या दिशेने रचल्या, तर त्या रचनेत शिरणारी रेडिओलहर अशी वागू लागते, की तशी ती खाणीतून निघालेल्या किंवा भट्टीतून ओतलेल्या कोणत्याही पदार्थात वागत नाही. या विद्येविषयी वर्तमानपत्रांतून जे छापून आले ते बहुतेक अदृश्य होण्याच्या झग्याविषयीच आले. तिचे अंतरंग काय आहे, आणि आपल्या महाविद्यालयांतील साध्या प्रयोगशाळेलाही ती किती जवळची आहे, याविषयी फारसे लिहिले गेले नाही. ते लिहावे म्हणून हा प्रपंच.

या विद्येचे मर्म समजून घेण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. नारायणगावाजवळ खोडद येथे आणि त्याच्या आसपासच्या मुलखात, प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. या प्रचंड थाळ्या पत्र्याच्या नाहीत, बारीक पोलादी तारांच्या जाळीच्या आहेत, आणि खाली उभे राहून वर पाहिले तर त्यांतून आरपार आकाश दिसते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी, म्हणून प्रकाश त्या छिद्रांतून विनासायास निघून जातो; परंतु दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या ज्या लहरी ही दुर्बीण टिपते त्यांची लांबी सुमारे वीस सेंटिमीटर ते काही मीटर असते, आणि त्यांच्या लेखी ती जाळी म्हणजे अखंड धातूचा आरसाच होय. आपल्या लांबीहून पुष्कळ लहान असलेला तपशील लहरीला सुटा सुटा जाणवत नाही, त्या तपशिलाची सरासरी तेवढी तिला भेटते. स्फटिकातले अणू प्रकाशाला एकेक करून दिसत नाहीत, तेही याच कारणाने. मग अणूंच्या जागी आपणच घडविलेल्या आकृती बसविल्या आणि लहरीला भेटणारी सरासरी आपल्या इच्छेप्रमाणे ठरविली तर, या एका प्रश्नातून ही सारी विद्या निघाली.

प्रश्न नवा आहे असे मात्र कोणी समजू नये. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी गेल्याच्या आधीच्या शतकाच्या शेवटच्या दशकात, काही मिलिमीटर लांबीच्या रेडिओलहरी निर्माण करून त्यांवर जे प्रयोग केले, त्यांत १८९८ साली रॉयल सोसायटीपुढे गेलेला एक निबंध तागाविषयी होता. साखरेच्या पाकातून जाताना ध्रुवित प्रकाशाची कंपनदिशा फिरते, कारण साखरेच्या रेणूची घडणच एका अंगाला वळलेली असते. त्या रेणूंची मोठ्या मापाची प्रतिकृती म्हणून बोस यांनी तागाच्या जुड्यांना पीळ दिला, काहींना डावा, काहींना उजवा, आणि त्यांतून जाणाऱ्या रेडिओलहरीची कंपनदिशा पिळाच्या बाजूप्रमाणे फिरते हे दाखविले. ताग तोच, आणि फरक केवळ पिळाचा. कृत्रिम रेणू घडवून लहरीला वळण लावण्याचा याहून शुद्ध प्रयोग मला माहीत नाही, आणि शंभर वर्षांनंतर जगभरच्या शोधनिबंधांत या विद्येच्या पूर्वसूरींमध्ये बोस यांचे नाव येऊ लागले, हे यथायोग्यच झाले.

सैद्धान्तिक पाया घातला तो मॉस्कोच्या व्हिक्टर व्हेसेलागो यांनी, १९६७ साली. विद्युत्क्षेत्राला द्रव्य कसा प्रतिसाद देते हे सांगणारी परमिटिव्हिटी आणि चुंबकीय क्षेत्राला ते कसा प्रतिसाद देते हे सांगणारी परमिएबिलिटी, या दोन राशींवर द्रव्यातील प्रकाशाचे सारे वर्तन ठरते. या दोन्ही राशी एकाच वेळी ऋण असलेले द्रव्य असते तर काय झाले असते, असा प्रश्न व्हेसेलागोंनी उपस्थित केला. आणि अशा द्रव्याचा अपवर्तनांक ऋण येईल, त्यात शिरणारा किरण लंबाच्या नेहमीच्या बाजूला न जाता उलट बाजूला वाकेल, तरंगांच्या कला (फेज) मागे सरकत असतील आणि ऊर्जा मात्र पुढे जात असेल, असे त्यांनी गणिताने सिद्ध केले. निसर्गात असे द्रव्य सापडले नाही, आणि तो निबंध जवळजवळ तीन दशके ग्रंथालयांच्या दप्तरात पडून राहिला.

त्याला जीवदान मिळाले ते एका व्यावहारिक अडचणीतून. रडारच्या लहरी शोषून घेणारे कार्बन-तंतूंचे एक द्रव्य मार्कोनी कंपनीपाशी होते. ते आपले काम चोख करी, पण का करते याचा उलगडा कंपनीच्या संशोधकांना होत नव्हता. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील जॉन पेंड्री यांनी तो केला: गुण कार्बनचा नव्हता, तंतूंच्या बारीकपणाचा आणि रचनेचा होता. त्या धाग्याने पुढे जाऊन १९९६ मध्ये त्यांनी पातळ तारांची रचना ऋण परमिटिव्हिटी देते हे दाखविले आणि १९९९ मध्ये तांब्याच्या तुटक्या वलयांची रचना ऋण परमिएबिलिटी देऊ शकते हे मांडले. २००० साली सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड स्मिथ आणि शेल्डन शुल्त्झ यांच्या गटाने तारा आणि वलये एकत्र आणली, आणि २००१ मध्ये रिचर्ड शेल्बी, स्मिथ व शुल्त्झ यांनी अशा रचनेचा लोलक करून त्यातून १०.५ गिगाहर्ट्‌झची लहर सोडली. ती खरोखरच उलट बाजूला वाकली, आणि अपवर्तनांक सुमारे −२.७ भरला.

लोलकाच्या प्रयोगाचा तो निबंध आमच्या ग्रंथालयात आला तेव्हा मी पुण्यातील एका प्रयोगशाळेत अँटेनांवर काम करीत होते. आमच्या विभागातल्या ज्येष्ठ सरांनी तो वाचून माझ्या टेबलावर ठेवला आणि एवढेच म्हणाले, "हे आपण करून पाहायला हवे. यात असे काही नाही की जे आपल्यापाशी नाही." मला त्या वाक्यातले पहिले अर्ध ऐकू आले, दुसऱ्या अर्धाचा अर्थ कळायला काही वर्षे गेली.

त्या लोलकात काय होते ते पाहावे. छापील सर्किटांसाठी वापरतात तसला फायबरग्लासचा फलक, त्याच्या एका अंगावर तांब्याची सूक्ष्म वलये, दुसऱ्या अंगावर तांब्याच्या पट्ट्या. आणि असे फलक चौकटीत एकमेकांत अडकवून केलेली रचना. तेथील लहरीची लांबी सुमारे ३ सेंटिमीटर, आणि रचनेतील एका चौकोनी घराची बाजू ५ मिलिमीटर. वलयाला एके ठिकाणी बारीक खंड असतो. बदलते चुंबकीय क्षेत्र वलयातून गेले म्हणजे त्यात विद्युत्प्रवाह खेळू लागतो, खंडाच्या दोन्ही काठांवर विद्युत्भार साचतो, आणि वलय व खंड मिळून, रेडिओतील कॉइल आणि कंडेन्सर यांच्या जोडीप्रमाणे, स्वतःची एक ठरावीक, अनुनादाची, वारंवारता धरून बसतात. त्या वारंवारतेच्या किंचित वर वलयातील प्रवाह बाहेरच्या क्षेत्राशी बरोबर उलट चालतो. माजघरातील झोपाळ्याला त्याच्या स्वाभाविक लयीपेक्षा जलद लयीत झोके देऊ लागलो तर हात पुढे जातो तेव्हा झोपाळा मागे येत असतो, तसेच हे आहे. आणि चुंबकीय प्रतिसाद ऋण होतो तो या उलटेपणामुळे. तांब्याला स्वतःचे चुंबकत्व जवळजवळ नाहीच, तरी त्याला वलयाचा आकार दिला आणि तो एके ठिकाणी खंडित केला की ते चुंबकीय द्रव्यासारखे वागू लागते, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

आमच्या फलकांचे काम आम्ही भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्याकडे सोपविले. खरेदी विभागाची मंजुरी, निविदा, तसलमातीचा हिशेब, या सगळ्या सोपस्कारांतून पार पडून ते काम कारखान्यात पोचले आणि ठरल्या दिवशी फलक तयार झाल्याचा निरोप आला. मी गेले. वलये सुरेख उतरली होती, कडा रेखीव होत्या, आणि एकाही वलयाला खंड नव्हता. तिथल्या मुख्य कारागिराने, दादांनी, मोठ्या समाधानाने सांगितले, "मॅडम, तुमच्या ड्रॉइंगमधल्या सगळ्याच रिंगा तुटलेल्या होत्या. फिल्म काढायच्या आधी आमच्या पोरानं कॉम्प्युटरवर बसून एकूण एक जोडून काढल्या. त्याचे वेगळे पैसे नकोत."

ज्या हातांनी उभे आयुष्य सर्किटे केली त्या हातांना तुटलेला ट्रॅक म्हणजे दोष, याहून वेगळे काही शिकविलेले नव्हते. आणि त्या मुलाने जी मेहनत घेतली होती ती आमच्या कामावरच्या आस्थेपोटीच. मी म्हटले, "दादा, त्या मुद्दाम तोडलेल्या आहेत." त्यांनी विचारले, "मग करंट जाणार कसा?" प्रश्न अगदी मर्मावर होता. मी त्यांना जुन्या रेडिओतील गँग कंडेन्सर आठवायला सांगितले. त्याच्या पाती एकमेकींत शिरतात, पण टेकत कुठेच नाहीत, आणि तरी त्यांतूनच स्टेशन लागते. दादा थोडा वेळ फलकाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे ही प्रत्येक रिंग एकेक रेडिओ झाली की." त्याहून नेमके स्पष्टीकरण मी नंतर कोणत्याही परिषदेत ऐकले नाही. दुसरे फलक त्यांनी खंडांसकट, स्वतः देखरेख करून, करून दिले.

जोडलेल्या वलयांचे फलक कारखाना टाकून देणार होता. सरांनी ते मागवून घेतले. त्यामागचे कारण थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण या विद्येतील प्रामाणिकपणाचा प्रश्न तेथे गुंतलेला आहे. वलयांच्या रचनेतून लहर सोडली आणि एखाद्या वारंवारतेला पलीकडे पोचणारी शक्ती एकाएकी घटली, तर तेवढ्यावरून रचनेचा चुंबकीय प्रतिसाद ऋण झाला असे म्हणता येत नाही. कारण वलय विद्युत्क्षेत्रालाही प्रतिसाद देते, आणि तशाच प्रकारचा खड्डा त्यामुळेही आलेखावर उमटू शकतो. दोहोंतला भेद ओळखायचा तर वलयाचा खंड बुजवून पाहावा: खंड बुजला की चुंबकीय अनुनाद त्या वारंवारतांच्या पट्ट्यातून नाहीसा होतो, विद्युत् प्रतिसाद मात्र जवळपास तसाच राहतो. नंतरच्या काळात ही कसोटी शोधनिबंधांत रूढ झाली. आमच्यापाशी तिचे साहित्य त्या मुलाच्या कष्टाने आपसूक चालून आले होते. तुटक्या वलयांच्या फलकांनी खोल खड्डा दाखविला. त्याच मापाच्या, त्याच तांब्याच्या, त्याच फायबरग्लासच्या जोडलेल्या वलयांनी तेथे काहीच दाखविले नाही. दोन आलेख एका कागदावर काढून पाहिले त्या दिवशी, द्रव्य आणि मांडणी यांच्यातला संबंध मला पुस्तकाबाहेर प्रथम दिसला.

मोजमापाचे काम बाहेरून नीरस वाटते. नेटवर्क अॅनालायझर सुरू करून तो तापमानाला स्थिरावेपर्यंत थांबायचे, ज्ञात प्रमाणांनी त्याचे अंशशोधन करायचे, केबल हलणार नाही अशी बांधायची, आणि मग कार्बन भरलेल्या फोमच्या शंकूंनी मढविलेल्या खोलीत, जेथे आवाजाचेही पडसाद उमटत नाहीत, दोन हॉर्न अँटेनांच्या मध्ये नमुना ठेवून वाचने घ्यायची. पुण्याच्या पावसाळ्यात फलक हवेतली ओल पितात आणि अनुनादाची वारंवारता किंचित खाली सरकते. म्हणून नोंदवहीत वाचनाशेजारी हवेतील आर्द्रता लिहिण्याचा दंडक आम्ही घालून घेतला. मला हे काम कधी कंटाळवाणे झाले नाही. सावकाश, एकेका बिंदूने आलेख पुढे सरकतो आणि तो कोठे वळेल हे आपल्या हाती नसते, यात जो आनंद आहे तो ज्याने मोजमाप केले आहे त्यालाच कळावा.

अवघड भाग पुढे असतो. पलीकडे पोचलेली लहर आणि परत फिरलेली लहर यांच्या वाचनांवरून अपवर्तनांक काढण्याची गणिती रीत आहे, परंतु तीत एक फसवी जागा आहे: लहरीची कला एका पूर्ण फेऱ्यानंतर पुन्हा तीच होते, म्हणून समीकरणाला एकाहून अधिक उत्तरे मिळतात आणि त्यांतले कोणते खरे हे केवळ गणिताला सांगता येत नाही. द्रव्य स्वतः ऊर्जा निर्माण करीत नाही, या भौतिक अटीने काही उत्तरे बाद होतात. वेगवेगळ्या जाडीचे नमुने मोजून आणखी काही बाद होतात. ज्याला ऋण उत्तरच हवे आहे त्याला ते कागदावर मिळविणे फारसे कठीण नाही, आणि घाईने लिहिलेल्या काही निबंधांत तसे मिळविलेलेही मी पाहिले आहे. म्हणून माझा पहिल्यापासून आग्रह होता की गणिताने दिलेल्या ऋण अंकावर न थांबता आपण लोलक करावा आणि लहर डोळ्यांदेखत वळलेली पाहावी.

आम्ही तो केला. अॅल्युमिनियमच्या दोन समांतर पत्र्यांच्या मध्ये पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारी फलकांची पाचर बसविली, कडेने शोषक फोम लावला, आणि ग्राहक अँटेना एका फिरत्या भुजेवर चढविली. आधी तुलनेसाठी पॅराफिन मेणाचा त्याच आकाराचा लोलक ठेवला. लहर शहाण्या विद्यार्थ्याने सांगावे त्याच बाजूला वाकली. नंतर आमची पाचर ठेवली. अपेक्षित बाजूला वाचन जवळजवळ शून्य राहिले. भुजा लंब ओलांडून पलीकडे गेली आणि तेथे काटा चढू लागला. तो फार चढला नाही, कारण रचनेतच पुष्कळ शक्ती उष्णतेत जिरत होती, पण चढला तो निःसंशय तेथेच. खोलीत आम्ही तिघे होतो आणि सरांनी कोणाला काही बोलू न देता भुजा पुन्हा पहिल्यापासून फिरवायला लावली. नेमक्या याच सुमारास ऋण अपवर्तन शक्यच नाही, असे प्रतिपादन करणारे निबंध परदेशात निघाले होते. ऊर्जेच्या ऱ्हासामुळे लोलकाच्या प्रयोगाचा अर्थ चुकीचा लावला गेला, असा आक्षेप होता. २००३ मध्ये एमआयटीतील आणि बोइंगमधील संशोधकांनी स्वतंत्रपणे, अधिक काटेकोर प्रयोग करून त्या आक्षेपाचे निरसन केले. शास्त्रात वाद असा मिटावा: मतांनी नव्हे, नमुन्याने.

२००६ च्या ऑक्टोबरात ड्यूक विद्यापीठातून स्मिथ, शुरिग, पेंड्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा झगा जाहीर झाला, आणि वर्तमानपत्रांना हवे ते सापडले. वस्तुतः तो झगा नव्हता. वलये कोरलेल्या पट्ट्यांची समकेंद्री कडी होती, मधोमध तांब्याचा एक नळा ठेवला होता, आणि केवळ एका मायक्रोवेव्ह वारंवारतेला, केवळ एका प्रतलात, लहर त्या नळ्याला वळसा घालून पलीकडे बऱ्याच अंशी पूर्ववत जुळत होती. पेंड्रींच्या रूपांतर-गणिताची ती भव्य सिद्धी होती, आणि तिच्यासमोर मी नतमस्तक आहे. परंतु त्यानंतर आमच्या प्रत्येक अर्जावर, अनुदान देणाऱ्या एका समितीच्या बैठकीतसुद्धा, पहिला प्रश्न हाच येऊ लागला की माणूस अदृश्य केव्हा होईल. आमचा मसुदा होता पातळ शोषक पृष्ठांविषयी, ज्यांची गरज प्रत्येक रडारकेंद्राला आणि प्रत्येक मोजमापाच्या खोलीला आहे. त्या वर्षी तो नामंजूर झाला. काम पुढे चालू राहिले ते विभागाच्या नेहमीच्या खर्चातून.

या विद्येची खरी अडचण कोणती, हे त्या चर्चांत बाजूलाच राही. अनुनादावर उभी असलेली कोणतीही रचना एका अरुंद पट्ट्यातच चालते आणि त्या पट्ट्यातच सर्वांत अधिक ऊर्जा गिळते. हे दोन दोष तिच्या गुणाचेच सहोदर आहेत. रेडिओलहरींपासून दृश्य प्रकाशाकडे जाऊ लागले की अडचण शतगुणित होते. लहरीची लांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणून वलय शंभर नॅनोमीटरच्या आसपासचे हवे; आणि तेवढ्या लहान मापाला धातूतील इलेक्ट्रॉनांचे जडत्वच आड येते, वलयाची वारंवारता हवी तितकी वर जायचे नाकारते, आणि चांदीसारखा उत्तम वाहकही प्रकाश शोषू लागतो. पुढची वाट बर्कलीत, हार्वर्डमध्ये आणि अन्यत्र सापडली ती धातू सोडून दिल्याने. हार्वर्डमध्ये फेडेरिको कापासो यांच्या गटाने २०११ मध्ये एका पातळ पृष्ठावर, अजून धातूच्याच, आकृती मांडून प्रकाश हवा तसा वळविता येतो हे दाखविले, आणि २०१६ मध्ये धातू सोडून टायटॅनियम डायऑक्साइडचे ६०० नॅनोमीटर उंचीचे सूक्ष्म स्तंभ काचेवर उभे करून दृश्य प्रकाशाचे सपाट भिंग केले. प्रत्येक स्तंभ आपल्या फिरविलेल्या कोनाप्रमाणे प्रकाशाची कला पुढेमागे करतो. भिंगाचा फुगवटा उरतच नाही. माझ्या मते अदृश्यतेच्या झग्यापेक्षा या सपाट भिंगाने आणि रेडिओच्या बाजूला, प्रत्येक घरात एकेक डायोड बसवून लहर विजेच्या इशाऱ्यावर वळविणाऱ्या फलकांनी, मेटामटेरियलची विद्या सिद्ध केली आहे. आपल्याकडे कानपूर आयआयटीत, पेंड्रींबरोबर काम केलेले एस. अनंत रामकृष्ण यांनी या विषयाची परंपरा रुजविली. आणि नॅनोमापाची कामे करण्याची सोय मुंबईच्या आयआयटीत व बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आहे.

परंतु प्रकाशाच्या मापाची यंत्रसामग्री कोट्यवधींची असते, आणि ती प्रत्येक जिल्ह्यात असावी असे म्हणणे व्यर्थ आहे. सरांच्या वाक्याचे दुसरे अर्ध मला उमगले ते येथे. रेडिओलहर ३ सेंटिमीटरांची असल्यामुळे तिच्यासाठी लागणारा कृत्रिम अणू मिलिमीटरांत मोजता येतो. तो भोसरीचा कारखाना करतो, आणि फेरिक क्लोराइडच्या थाळीत एखादा विद्यार्थीही करू शकतो. समीकरणे तीच, अनुनाद तोच, ऋण प्रतिसाद तोच. बोस यांनी तागाला पीळ दिला तेव्हा त्यांच्यापाशी तरी याहून अधिक काय होते?

महाराष्ट्रातील पुष्कळ पदव्युत्तर पदार्थविज्ञान व इलेक्ट्रॉनिक्स विभागांत एक्स-बँडची मायक्रोवेव्ह बेंच असते: रिफ्लेक्स क्लायस्ट्रॉन किंवा गन ऑसिलेटर, अॅटेन्युएटर, वारंवारतामापक, खाच असलेला वेव्हगाइड, स्फटिक-डिटेक्टर. विद्यार्थी तिच्यावर क्लायस्ट्रॉनचे मोड काढतो, स्थिरतरंगांचे गुणोत्तर मोजतो, जर्नलवर सही घेतो, आणि बेंच पुढच्या वर्षापर्यंत कापडाखाली जाते. त्या वेव्हगाइडचे अंतर्माप २२.८६ बाय १०.१६ मिलिमीटर आहे. तेवढ्या उंचीची फायबरग्लासची एक पट्टी घ्यावी, तिच्यावर सुमारे ३ मिलिमीटरांची तुटकी वलये कोरावीत, आणि ती वेव्हगाइडच्या मध्यावर, अरुंद भिंतीला समांतर अशी उभी सरकवावी. तेथे लहरीचे चुंबकीय क्षेत्र वलयांना आरपार भेदते. वारंवारता हळूहळू बदलीत गेले की एके ठिकाणी डिटेक्टरचे वाचन कोसळेल. मग तीच पट्टी आडवी, रुंद भिंतीला समांतर ठेवावी. क्षेत्र वलयाच्या प्रतलातच राहते आणि तो खड्डा भरून येतो. शेवटी वलयांचे खंड डागाने बुजवून पाहावे. क्लायस्ट्रॉनची वारंवारता थोड्याच मर्यादेत हलते, तेव्हा वलयाचे माप ९ गिगाहर्ट्‌झच्या आसपास बसेल असे धरावे आणि निरनिराळ्या मापांच्या काही पट्ट्या जवळ ठेवाव्यात. याला नवे अनुदान लागत नाही, आयात लागत नाही, आणि हा प्रयोग ज्याने स्वतःच्या हातांनी केला त्याला पुढचे कोणतेही संशोधन परके वाटणार नाही, असे मी अनुभवाने सांगते.

म्हणून जे प्राध्यापक हे वाचीत असतील त्यांना माझी विनंती आहे की या वर्षीच्या प्रात्यक्षिकांच्या यादीत हा एक प्रयोग घालावा. वलयाचा आराखडा, पट्टीची मापे आणि ती बसविण्याची रीत मी मराठीत लिहून ठेवली आहे. जो कोणी मागेल, प्राध्यापक असो वा विद्यार्थी, त्याला ती पाठवीन.